वाफांची वही

मराठीत या त्रासाला नाव नाही, असे म्हटले जाते. खरे तर नावे भरपूर आहेत, आणि अडचण तिथेच आहे. पाळी जायच्या वयातली एखादी बाई म्हणते, ‘अंगातून वाफा निघतात.’ दुसरी म्हणते, ‘अंगाची नुसती लाही होते.’ तिसरीची ‘कानशिलं तापतात’. शेजारीण सांगते उष्णता वाढलीय, सासूबाई म्हणतात पित्त खवळलंय, मुलगा म्हणतो बीपी तपासून घे. प्रत्येक नाव वेगळ्याच दारात नेऊन सोडते. उष्णता म्हटली की वाटीत सब्जा भिजतो, गुलकंदाची बरणी उघडते, माठात वाळ्याची जुडी पडते. पित्त म्हटले की सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी सुरू होते आणि वर्ष उलटले तरी बंद होत नाही. बीपी म्हटले की यंत्राचा पट्टा दंडाभोवती आवळला जातो, आकडा ठीक निघतो आणि ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढे ऐकून बाई घरी येते. यातले काहीच लागू पडले नाही की शेवटचे नाव चिकटते: ‘हिचा स्वभावच हल्ली तापट झालाय.’ त्या दारापलीकडे उपाय नसतो, फक्त सोसणे असते. ‘हॉट फ्लॅश’ हा इंग्रजी शब्द शहरी दवाखान्यांतून आणि जाहिरातींतून आता आपल्याकडे पोचला आहे, पण स्वयंपाकघरात तो अजून परकाच वाटतो. म्हणून पुढच्या पानांत ‘वाफा’ हाच शब्द वापरला आहे. बायका तो आपणहून वापरतात, आणि नेमके काय होते तेही तो बरोबर सांगतो.

या पुस्तिकेत उपायांची प्रकरणे आहेत, तरी सगळ्यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: वाफा आधी लिहून ठेवा, मग उपायाकडे वळा. किती वेळा आल्या, केव्हा आल्या, किती वेळ राहिल्या, झोप मोडली का. जी तक्रार मोजली जात नाही तिचा स्वभाव बनतो, आणि स्वभावावर कोणी औषध देत नाही. हे वरवर साधे वाटते, किंचित शाळकरीही वाटते. पण या विषयातला पुरावा जसजसा पाहत जावे तसतशी ही वही गोळीइतकीच महत्त्वाची वाटू लागते. ते का, हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. बहुधा छातीतून ऊब उठते, मानेवरून चेहऱ्यावर चढते, कातडी लालसर होते, छाती धडधडते, मग दरदरून घाम फुटतो आणि घाम वाळता वाळता हुडहुडी भरते. हे सगळे एक ते पाच मिनिटांत आटोपते. मौज अशी की ताप मोजायला गेले तर सहसा ताप नसतो. आपल्या मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचे तापमान एका पट्ट्यात राखतो. त्या पट्ट्याच्या आत थोडे वर-खाली झाले तर शरीर घामही आणत नाही आणि कापरेही भरवत नाही. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट फ्रीडमन यांनी हा पट्टा मोजला. पाळी गेलेल्या पण वाफांचा त्रास नसलेल्या स्त्रियांत तो साधारण ०.४ अंश सेल्सिअस रुंद निघाला, आणि वाफा येणाऱ्या स्त्रियांत जवळपास शून्य. दूध काठोकाठ भरलेल्या पातेल्यात असले तर आच जराशी वाढताच उतू जाते. पातेले तेच, दूध तेच, फक्त वर जागा उरलेली नसते. गरम चहाचा घोट, जिना चढणे, लोकलच्या डब्यातली गर्दी, एखाद्याचे तिरके बोलणे यांतून अंगात एरवी कळलीही नसती एवढी ऊब वाढते, आणि शरीर उकाड्यात सापडल्यासारखे सगळी दारे एकदम उघडते. ॲरिझोना विद्यापीठातल्या नेओमी रान्स यांनी पाळी गेलेल्या स्त्रियांच्या हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी फुगलेल्या असतात हे १९९०च्या सुमारास दाखवले. इस्ट्रोजेन या हार्मोनचा लगाम सुटला की या पेशी जोर करतात आणि शेजारच्या तापमान-केंद्राला डिवचतात. एवढ्यावरून एक गोष्ट नक्की झाली. वाफ बाईच्या मनाच्या दुबळेपणातून येत नाही, खाण्यातल्या ‘गरम’ पदार्थांतूनही येत नाही. ती मेंदूच्या एका ठरावीक जागी सुरू होते.

‘दोन-चार महिने त्रास होतो, मग आपोआप जातो’ असे डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळते. अमेरिकेत १९९६मध्ये ‘स्वान’ नावाचा अभ्यास सुरू झाला. पाच वेगवेगळ्या समाजगटांतल्या ३,३०२ स्त्रियांचा त्यात वर्षानुवर्षे माग ठेवला गेला. ज्यांना वारंवार वाफा येत होत्या त्यांच्याबद्दलचे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले: निम्म्या स्त्रियांचा त्रास ७.४ वर्षांहून जास्त टिकला. कृष्णवर्णीय स्त्रियांत हा मध्यांक १०.१ वर्षे होता, जपानी वंशाच्या स्त्रियांत ४.८. आणि ज्यांना पाळी नियमित असताना किंवा नुकतीच अनियमित होऊ लागली असतानाच वाफा सुरू झाल्या त्यांचा त्रास सर्वांत लांबला, ११.८ वर्षांच्याही पुढे. या पाच गटांत भारतीय वंशाच्या स्त्रिया नव्हत्या, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्यावर चिकटवता येत नाहीत. पण ‘दोन-चार महिने’ ही समजूत त्यांनी मोडीत काढली आहे. भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या बाईला वाफा गाठतात तेव्हा मुलाची बारावी असते, सासऱ्यांचे पथ्यपाणी असते, आणि राज्य सरकारची नोकरी असेल तर निवृत्तीचे ५८वे वर्ष अजून दहा-बारा वर्षे दूर असते. एवढा मोठा काळ ‘सोस थोडे’ म्हणून काढायला सांगणे म्हणजे विषय समजून न घेणे.

पहिला आक्षेप घरातूनच येतो: आमच्या आज्यांना असले काही होत नव्हते, हे नव्या बायकांचे खूळ. या आक्षेपाला पाठिंबा देणारा एक खराखुरा अभ्यासही आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्शा फ्लिंट यांनी राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातल्या ४८३ रजपूत स्त्रियांशी बोलून १९७५मध्ये लिहिले की पाळीतले बदल सोडले तर या स्त्रियांना त्रास असा फारसा नव्हता. उलट पाळी गेल्यावर पडदा सुटत होता, पुरुषांच्या बैठकीत वावरता येत होते. जिथे म्हातारपणाबरोबर मान वाढतो तिथे रजोनिवृत्ती ही शिक्षा न राहता बक्षीस होते, असा त्यांचा तर्क. कॅनडातल्या मार्गारेट लॉक यांनी जपानमधल्या ‘कोनेन्की’बद्दल १९९३च्या पुस्तकात असेच काही मांडले. तिथल्या स्त्रिया खांदेदुखीबद्दल आणि डोकेदुखीबद्दल जास्त बोलत होत्या, वाफांबद्दल कमी, आणि त्यांच्या भाषेत ‘हॉट फ्लॅश’ला नेमका एक शब्दही नव्हता. हे अभ्यास खोटे ठरवायचे कारण नाही. आहार, वजन, बाळंतपणे, धूम्रपान यांनी वाफा कमी-जास्त होतात हे मानायला जागा आहे. भारतीय स्त्रिया सांधेदुखीची तक्रार वाफांपेक्षा जास्त करतात, असेही आपल्याकडच्या अनेक पाहण्यांत दिसते. पण ‘तक्रार कमी’ आणि ‘त्रास कमी’ यांत अंतर असते. चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणाऱ्या बाईला घाम फुटला तर तो चुलीचाच समजला जाणार, तिच्याकडूनही. वैशाखात अकोल्यात किंवा चंद्रपुरात पारा ४५च्या वर गेला असताना कोण कोणाला विचारणार की ही उष्णता बाहेरची का आतली? आणि पडदा सुटल्याचा आनंद व रात्री चोळी भिजणे या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आयुष्यात सुखेनैव नांदू शकतात. आज्यांची वही कोणी ठेवली नाही. तिच्यात काय असते यावर आता वाद घालून उपयोग नाही. आजच्या बाईची ठेवता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे म्हणे पोट भरलेल्या, एसीत बसणाऱ्या बायकांचे दुखणे. मग बीड जिल्ह्याकडे पाहावे. ऊसतोडणीला जोडपे जाते, त्या जोडप्यालाच ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस गेला की खाडा पडतो, पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा ना पाणी. अंगावरून जाते, पोटात दुखते, कोणीतरी कॅन्सरची भीती घालते, आणि मग ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला पटतो. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर २०१९मध्ये जे सर्वेक्षण आले त्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली होती. सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशभरात ३ टक्क्यांच्या आसपास दिसते. यातली प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे कोणी म्हणणार नाही. पण या प्रकरणावर जे लिहिले-बोलले गेले त्यात शस्त्रक्रियेचा अन्याय होता, त्यानंतरच्या वीस वर्षांबद्दल फारच थोडे होते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले असतील तर इस्ट्रोजेन हळूहळू न ओसरता एकदम थांबते, आणि वाफा काही दिवसांतच सुरू होतात, त्याही नैसर्गिक रजोनिवृत्तीपेक्षा जोरकस. अंडाशय ठेवले तरी ते काही वर्षे आधी थकण्याची शक्यता वाढते. यात आणखी एक गुंता आहे. एरवी बारा महिने सलग पाळी आली नाही की ती गेली असे धरतात. पिशवीच नसलेल्या बाईला ही खूणच उरत नाही. पस्तिशीत तिला रात्री घाम फुटतो, झोप मोडते, पहाटे चारला कोपीतून उठून फडात जायचे असते, आणि आपल्याला काय होते आहे याचे नाव तिला कोणी दिलेले नसते. कितीकींना तर ऑपरेशनात अंडाशय काढले की ठेवले हेही ठाऊक नसते. डिस्चार्जचा कागद शोधून ती एक ओळ वाचणे हा त्यांच्या बाबतीत पहिला उपाय. या वयात इस्ट्रोजेन गेले तर वाफांपलीकडे हाडे आणि हृदय यांचाही प्रश्न येतो. म्हणून अशा स्त्रियांना काही मनाई नसेल तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असाच सल्ला असतो. सर्वांत जास्त गरज असलेल्यांपर्यंत तो सर्वांत कमी पोचतो.

नैसर्गिक गोष्टीवर उपचार कशाला, हा प्रश्न उरतो. तो लवकर संपवता येईल. मोतीबिंदूही वयाने आपोआप येतो, आणि प्रसूतिवेदनांइतके नैसर्गिक दुसरे काही नसेल. तिथे आपण निसर्गाकडे बोट दाखवून थांबत नाही. शिवाय उपचार घ्यायलाच हवा असेही नाही. दिवसातून दोनदा कानशिले तापत असतील आणि कामात अडथळा येत नसेल तर पदराने वारा घ्यावा आणि पुढे जावे. दिवसाला दहा वाफा आणि रात्री तीनदा चादर ओली, ही गोष्ट वेगळी. यातला फरक ठरवायचा तर आकडा लागतो.

आता घरगुती उपायांकडे, कारण बहुतेक वाचकांनी ते आधीच सुरू केलेले असणार. ‘मला शतावरीने फरक पडला’, ‘सोयाबीनच्या पिठाच्या पोळ्यांनी वाफा गेल्या’ असे सांगणारी बाई खोटे बोलत नाही. पण तिने सांगितल्याने उपाय सिद्धही होत नाही, आणि याचे कारण वाफांच्या वागण्यातच आहे. हार्मोन उपचारांच्या चाचण्यांचा एक मोठा आढावा २००४मध्ये ‘कॉक्रेन’ या संस्थेने प्रसिद्ध केला. हार्मोन घेणाऱ्यांच्या वाफा खोट्या गोळीच्या तुलनेत ७५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्याच आढाव्यातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ज्यांना औषध नसलेली खोटी गोळी दिली होती त्यांच्याही वाफा सुरुवातीपेक्षा जवळपास ५८ टक्क्यांनी उतरल्या. बाई उपाय शोधते ती त्रास टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेली गोष्ट बहुधा थोडी खाली येतेच. त्यात आपण काहीतरी करतो आहोत, कोणीतरी ऐकले आहे, याचाही आधार असतो. त्यामुळे या त्रासात जवळजवळ प्रत्येक उपाय गुणकारी भासतो. बाजाराला हे पक्के ठाऊक आहे. ‘मेनोपॉज’ असे लिहिलेल्या गुलाबी डब्यांची किंमत पाहिली की ते कळते. सोयातल्या द्रव्यांचे रूपांतर इक्वॉल नावाच्या पदार्थात करणारे जंतू सगळ्यांच्या आतड्यांत नसतात, म्हणून एकीला लागू पडलेले दुसरीला पडेल याची खात्री नाही. शतावरी आणि तत्सम वनस्पतींवर झालेल्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. ‘ब्लॅक कोहोश’ या परदेशी मुळीच्या बाबतीत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ हे सर्वस्वी खरे नाही.

नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२३मध्ये हार्मोनशिवायच्या उपायांचा जो आढावा घेतला, त्यात सोया, वनस्पती, योग, व्यायाम, संथ श्वसन, गार राहण्याच्या क्लृप्त्या हे सगळे वाफांवरचा उपचार म्हणून शिफारस करण्याजोगे मानलेले नाही. आपल्याकडे हे वाचून अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतील. पण त्या निकालाचा अर्थ नीट लावायला हवा. अमेरिकेत स्त्रियांच्या गटांवर झालेल्या चाचण्यांत योग आणि व्यायाम यांनी वाफांची संख्या घटली नाही, झोप मात्र काहीशी सुधारली. झोप सुधारणे ही काय लहान गोष्ट आहे? हाडांना, साखरेला, रक्तदाबाला व्यायामाचा जो फायदा आहे तो कुठे जात नाही. ओला नॅपकिन मानेवर ठेवायला, नायलॉनऐवजी सुती गाऊन घालायला, कोकम सरबत प्यायला कुठल्या चाचणीची परवानगी लागत नाही. सुख वाटते, पुरे. फक्त सुख देणारी गोष्ट आणि वाफ थांबवणारी गोष्ट यांची सरमिसळ होऊ नये. एखादा उपाय आपल्या बाबतीत खरेच काम करतो का हे बघायचे असेल तर सुरू करण्याआधी दोन आठवडे नोंद ठेवावी, मग उपाय करत सहा-आठ आठवडे, मग तो थांबवून पुन्हा दोन आठवडे. चाचणीची ही गरिबांची आवृत्ती झाली. ती निर्दोष नाही, पण आठवणीवर भरवसा ठेवण्यापेक्षा कितीतरी बरी.

मेनोपॉज सोसायटीच्या त्याच आढाव्यात ज्यांची शिफारस केली आहे त्यांत एक उपाय मनाच्या बाजूचा आहे, आणि तो वाचून काहींना ‘म्हणजे शेवटी हे मनाचेच ना’ असे म्हणण्याचा मोह होईल. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मायरा हंटर यांनी विचार-वर्तन उपचाराची चार ते सहा आठवड्यांची एक पद्धत बसवली आणि २०१२च्या सुमारास तिच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्या पद्धतीने वाफांची संख्या फारशी घटली नाही. त्यांचा जाच मात्र घटला. बैठकीत चेहरा लाल झाला की ‘सगळे माझ्याकडेच बघताहेत, आता माझे हसे होणार’ हा विचार येतो, त्याने धडधड वाढते आणि वाफ लांबते. तो विचार ओळखून बाजूला ठेवायला शिकवणे एवढेच तिथे असते. पाय मोडलेल्याला कुबडी वापरायला शिकवले म्हणून पाय मोडलेला नव्हता असे ठरत नाही. आणि जाच केवळ तिच्या मनात नसतो, तो घरातही असतो. पंख्याच्या रेग्युलेटरवरून मध्यरात्री होणारे भांडण बहुतेक घरांना ठाऊक आहे: तिला पाचवर हवा, त्याला दोनवर. ती उठून हॉलमध्ये जाऊन झोपते आणि सकाळी त्याचा वेगळाच अर्थ लावला जातो. नवऱ्याला वेगळे पांघरूण देणे हा या विषयातला सर्वांत स्वस्त उपाय असावा. कामाच्या ठिकाणी टेरीकॉटच्या गणवेशाऐवजी सुती गणवेश, खिडकीजवळची जागा, प्यायचे पाणी हाताशी असणे यासाठी कोणते धोरण लागत नाही, विचारायची लाज तेवढी जायला लागते.

हार्मोनच्या भीतीला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण ती निराधार जन्मलेली नाही. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन १९४२मध्ये अमेरिकेत विक्रीस मान्य झाले. १९६६मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक लिहून रजोनिवृत्ती हा अभावाचा रोग ठरवला आणि सगळ्यांनीच हार्मोन घ्यावेत असा प्रचार केला. पुस्तक धडाक्याने खपले, गोळीही. १९७५मध्ये लक्षात आले की एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. मग जोडीला प्रोजेस्टेरॉन आले. पुढे २००२च्या जुलैत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ ही १६,६०८ स्त्रियांवरची चाचणी मुदतीआधी थांबवली गेली आणि जगभर गोळ्या कचऱ्यात गेल्या. कारण दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला. किती वाढला? दर १० हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८. हा आकडा शून्य नाही, आणि ज्या आठ घरांत तो जातो तिथे त्याचे सांत्वन टक्केवारीने होत नाही. पण मथळ्यांत ‘२६ टक्के वाढ’ असे छापून आले, आणि २६ टक्के म्हटल्यावर चारातली एक असे कोणीही समजेल. दुसरे म्हणजे चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. हृदयविकार टळतो का हे पाहण्यासाठी ती आखली होती, वाफांसाठी नव्हे. पिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रियांवरच्या, केवळ इस्ट्रोजेनच्या दुसऱ्या चाचणीत स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, पुढच्या पाठपुराव्यात उलट कमी दिसला. पक्षाघात मात्र वाढला म्हणून तीही चाचणी २००४मध्ये थांबवली गेली. हे सगळे एकत्र ठेवल्यावर आज जो शहाणा सल्ला उभा राहतो तो असा: वय साठच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झालेली नसतील, त्रास मोठा असेल आणि मनाई नसेल, तर हार्मोन हा वाफांवरचा सर्वांत प्रभावी उपाय आहे आणि त्याचे फायदे बहुधा तोट्यांपेक्षा जास्त भरतात. पिशवी असेल तर प्रोजेस्टेरॉन जोडीला हवेच. जेल किंवा पट्टीतून घेतलेल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गाठींचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, गाठ, पक्षाघात किंवा हृदयविकार असेल, यकृताचा आजार असेल किंवा अंगावरून जाण्याचे कारण कळलेले नसेल तर हा रस्ता बंद. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे चौकटीतले बरेचसे इशारे काढण्याचे जाहीर केले. त्यावरून आता दुसऱ्या टोकाला जाऊन चिरतारुण्याच्या गोष्टी पुन्हा सुरू होतील, झाल्याही आहेत. १९६६चे पुस्तक ज्यांना आठवते त्यांनी तेव्हा थोडे सावध राहावे.

ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी दारे बंद नाहीत. यात स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने येतात, कारण टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्याच वाफा आणतात, आणि वाफांना कंटाळून ती गोळी मध्येच सोडण्याचा मोह जिवावर बेतू शकतो. नैराश्यावरची काही औषधे कमी मात्रेत वाफा उतरवतात. पॅरॉक्सेटिनच्या ७.५ मिलिग्रॅम मात्रेला अमेरिकेत २०१३मध्ये त्यासाठी मान्यता मिळाली. पण टॅमॉक्सिफेन शरीरात कामाला लागण्यासाठी जे एन्झाइम लागते तेच पॅरॉक्सेटिन अडवते, म्हणून या स्त्रियांत ते टाळून व्हेन्लाफॅक्सिनसारखे दुसरे निवडतात. गॅबापेंटिन रात्रीच्या घामाला उपयोगी पडते. वर उल्लेख केलेल्या फुगलेल्या चेतापेशींनाच नेमके गाठणारे फेझोलिनेटंट मे २०२३मध्ये अमेरिकेत मान्य झाले. सुमारे दीड वर्षातच त्याच्या वेष्टनावर यकृताच्या इजेचा ठळक इशारा आला, म्हणून ते घेताना रक्ततपासणी चुकवता येत नाही. कुठलीच गोळी मैत्रिणीच्या पर्समधून घ्यायची नाही, एवढे यातून ध्यानात आले तरी चालेल.

वही ठेवण्याचे अखेरचे कारण सावधगिरीचे आहे. चाळिशीनंतरचा प्रत्येक घाम वाफेचा नसतो. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, खोकला आणि वजन घटणे हे आपल्या देशात आधी क्षयाकडे बोट दाखवते. सतत उकडते, हात थरथरतात, खाऊनही वजन उतरते, तर थायरॉइड तपासावे. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बाईला जेवण चुकल्यावर गार घाम आला तर साखर उतरलेली असू शकते. तेव्हा पंखा नको, साखर हवी. आणि छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, दम लागणे यांसह फुटलेला घाम हा वाफेचा समजून अंगावर काढू नये, तडक रुग्णालय गाठावे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून गेले, थेंबभर का होईना, तर ‘पाळी परत आली’ असे म्हणून न थांबता तपासणी करून घ्यावी. वाफेचा एक नमुना असतो. ती येते, चढते, घामाने फुटते, जाते, आणि मधल्या वेळात बाई ठणठणीत असते. नोंद समोर असली की या नमुन्यात न बसणारी गोष्ट चटकन डोळ्यात भरते, डॉक्टरांच्याही.

पुस्तिकेच्या शेवटची चौदा पाने म्हणूनच कोरी ठेवली आहेत. प्रत्येक पानावर पाच रकाने आहेत: वेळ, किती मिनिटे, त्या आधी काय चालले होते, जाच किती (शून्य ते दहा), झोप मोडली का. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात दर वाफेला एक रेघ ओढली तरी पुरते. दोन आठवडे झाले की पाने फाडून डॉक्टरांसमोर ठेवावीत आणि आधी ती वाचायला सांगावे. लिहायला पेन्सिल घ्या. ओल्या हाताने शाई पसरते.